ब्लास्ट प्लस बसवताना आणि काढताना

ठाण्यातील किंवा वाशीतील एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, उबुंटू ही कार्यप्रणाली असलेल्या सामाईक संगणकावर डीएनए व प्रथिनांच्या क्रमांची तुलना करणारे ब्लास्ट प्लस बसवायचे असल्यास, प्रशासकाची परवानगी घेऊन टर्मिनलमधून आधी पॅकेजांची यादी अद्ययावत करावी आणि मग ॲप्ट या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या इन्स्टॉल आज्ञेने 'एनसीबीआय-ब्लास्ट' हे, नावाच्या शेवटी अधिक चिन्ह असलेले, पॅकेज घ्यावे. ब्लास्ट प्लसमधील ब्लास्टएन या आज्ञेला व्हर्जन हा पर्याय जोडल्यावर आवृत्ती दिसली, की काम झाले.

काढणे मात्र वाटते तितके सरळ नाही. ॲप्टची रिमूव्ह आज्ञा केवळ प्रोग्राम हटवते. ब्लास्ट प्लसमधीलच मेकब्लास्टडीबी या आज्ञेने तयार केलेले किंवा उतरवून घेतलेले डेटाबेस (एनटी या न्यूक्लिओटाइड क्रमांच्या डेटाबेससारखा संच तर शेकडो गिगाबाइटचा असतो) डिस्कवर तसेच राहतात. ते, तसेच होम फोल्डरमध्ये एनसीबीआयआरसी ही सेटिंग्जची लपलेली फाइल असल्यास तीही, स्वतः पुसावी. परंतु तत्पूर्वी अन्य विद्यार्थी तोच संच वापरत नाहीत ना, याची चौकशी अवश्य करावी.