दोन ओळीत माणूस उभा करायचा तर

गोष्टीत नवीन माणूस आला की आपण सरळ 'बेपत्ता आहे'ची जाहिरात लिहायला घेतो. रंग सावळा, बांधा मध्यम, नाक तरतरीत, अंगात निळा शर्ट. मी पण हेच करायचो, एका म्हाताऱ्या पैलवानाचं वर्णन चांगलं अकरा ओळी ठोकलेलं, दोस्तानं वाचलं आणि म्हटला, भावा सगळं झ्याक आहे पण म्हातारा काय दिसंना झालाय.

मग एकदा रात्री कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो, तिथं म्हशी बांधलेल्या असतात आणि समोर धार काढून ग्लास हातात देतात, तर तिथं नुसती माणसं बघत बसलो. घरी येऊन अकराच्या अकरा ओळी खोडल्या आणि लिहिलं, "आण्णांचे दोन्ही कान मोडलेले होते, आणि दुधाचा ग्लास ते दोन्ही हातांनी धरायचे." बास. कान म्हणजे जन्म तालमीत गेला, दोन हात म्हणजे आता हात कापतोय, आणि थरथर हा शब्द कुठं लिहावाच लागला नाही. एकमेकीशी न जमणाऱ्या दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या, एवढंच. नुसते कान लिहिले तर कुठलाही पैलवान, नुसता ग्लास लिहिला तर कुठलाही म्हातारा.

आता मोडलेला कान कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही कळतो, बाहेरच्या वाचकासाठी लिहिताय तर जरा आखाड्यातली लाल माती दाखवा, पण समजावून सांगत बसू नका.

विशेषणं शोधण्यापेक्षा क्रियापद बघा. मराठीत एवढा माल पडलाय आणि आपण सगळ्यांना आपलं 'बसला' म्हणून मोकळं होतो! पाहुणा सोफ्याच्या कडेला टेकला. पाहुण्यानं बसकण मारली. पाहुणा मांडी ठोकून बसला. कपडे, वय काही न सांगता तीन वेगळे पाहुणे झाले की नाही.

आणि तो माणूस कुणाकडं कसा बघतो ते लिहा. "मामीनं दार उघडलं आणि आधी माझ्या चपलांकडं बघितलं." मामी कळली, त्या घरात आपल्या हिरोची किंमत काय तेही कळलं, मग साडीचा रंग कशाला पाहिजे.

लिहून झालं की पात्राचं नाव बोटानं झाकून वाचायचं, ते वाक्य गोष्टीतल्या दुसऱ्या कुणालाही चिकटत असेल तर उडवायचं, कितीही आवडलेलं असू दे (मला हे अजून जड जातं).

आणि सापडलेली लकब दर एंट्रीला वाजवायची नाही, आण्णा आले की दोन हात, आण्णा आले की दोन हात, अशानं माणसाची नक्कल होते. मी तो ग्लास पुढं एकदाच परत आणला. नातू शेजारी बसलाय म्हणून आण्णा एका हातानं उचलायला जातात, दूध धोतरावर सांडतं, आणि नातू मोबाईलमधनं मान वर काढत नाही.