आधी परतीची गाडी बघ

मामेभाऊ येत्या सप्टेंबरात जर्मनीतल्या आखेनला शिकायला चाललाय. गेले पंधरा दिवस मामाच्या गंगापूर रोडवरच्या घरात दोन बॅगा उघड्या पडल्या आहेत आणि वजनकाटा हॉलमध्येच मुक्कामाला आहे. मोठ्या सामानाची यादी करणारे घरात सहा जण आहेत. तिथे पोचल्यावर महिनाभरात सुरू होणाऱ्या शनिवार-रविवारच्या भटकंतीची यादी मात्र कोणी करत नाहीये. ती मी करते, कारण त्याच गावात दोन वर्षं राहून मी या बाबतीत बरेच घोळ घालून ठेवलेत. लिहिलंय त्याला उद्देशून; नाशिकहून आणखी कोणी निघालं असेल तर त्यांनीही वाचावं.

तर ऐक. बॅग भरायच्या आधी परतीची गाडी बघ. रविवारी रात्री शेवटची गाडी किती वाजता आहे, मध्ये कुठे बदलायची आहे आणि बदलायला किती मिनिटं मिळतायत, हे आधी. आपण त्र्यंबकला जाताना असलं काही बघत नाही. शेवटची एसटी गेली तर जीप मिळते, तीही नसेल तर कोणाचा तरी मित्र गाडी घेऊन येतो. तिकडे रात्री साडेअकराला एखाद्या बारक्या जंक्शनच्या फलाटावर तू एकटा आणि पहाटेपर्यंत काहीच नाही, असं खुशाल होतं. जर्मन गाड्या घड्याळावर चालतात ही समजूत इथेच नाशिकरोडला उतरवून ठेव. जाताना अर्धा तास उशीर झाला तर फार बिघडत नाही, येताना झाला तर पुढची गाडी हातची जाते. म्हणून शेवटच्या आधीची गाडी हीच आपली गाडी, आणि शेवटची राखीव, असं धरून चालायचं.

तिकिटाचं तुला पटकन कळेल, तुझे बाबा पंचवटी एक्स्प्रेसचे पासवाले होते. डॉइचलांडटिकेट म्हणजे तसाच महिन्याचा पास, फक्त अख्ख्या देशाचा. मे २०२३ मध्ये तो ४९ युरोला सुरू झाला, २०२५ मध्ये ५८ झाला आणि २०२६ पासून ६३. शहरातल्या बस, ट्राम, मेट्रो आणि आरई, आरबी, एस-बान या जवळच्या पल्ल्याच्या गाड्या त्यावर चालतात. आयसीई, आयसी या लांबच्या गाड्यांत मात्र तो पास दाखवणं म्हणजे लोकलचा पास घेऊन राजधानीत बसणं. बऱ्याच विद्यापीठांत सेमिस्टरच्या फीमध्येच विद्यार्थ्यांसाठीचा असा पास येतो, ते आधी तपास, नाहीतर दोनदा पैसे भरशील. वेगळा घेतलाच असशील तर बंद करायचं त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं. पासावर तुझं नाव असतं, त्यामुळे ओळखपत्र सोबत लागतं आणि मित्राला उसना देता येत नाही.

आता कागदपत्रं. यात हयगय नको. आखेनहून बेल्जियम आणि नेदरलँड्स इतके जवळ आहेत की पहिल्याच रविवारी कोणीतरी तुला बसमध्ये बसवून सीमेपलीकडे नेईल आणि तुला पत्ताही लागणार नाही. तिथे जवळच तीन देशांच्या सीमा एका टेकडीवर मिळतात. नेदरलँड्सच्या मुख्य भूमीवरचं ते सर्वांत उंच ठिकाण, उंची ३२२ मीटर. (आपलं कॉलेज रोडही समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. तिथल्या डच मित्रांना हे सांगितलं की ते जरा गप्प होतात.) सीमेवर फाटक नाही, शिपाई नाही, म्हणून पासपोर्ट खोलीवर ठेवून जायचा मोह होतो. ठेवू नकोस. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने जमिनीवरच्या सगळ्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली आणि बसमध्ये चढून पासपोर्ट मागितल्याचं मी स्वतः पाहिलंय. मूळ पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिटचं कार्ड, दोन्ही लागतात. त्यांचा मोबाइलमधला फोटो, मूळ कागद हरवले तर कामाला येतो, दाखवायला नाही. या दोन गोष्टींवर बाकीच्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसाच्या करारातले युरोपातले देश) १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. इंग्लंड आणि आयर्लंड त्यात नाहीत, तिथला व्हिसा वेगळा. आणि व्हिसा संपलाय पण कार्ड अजून हातात आलं नाही, अशा मधल्या आठवड्यांत परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचारल्याशिवाय सीमा ओलांडायची नाही. तेवढे दिवस जर्मनीतच फीर, देश काही लहान नाही.

विद्यार्थ्याचं ओळखपत्र पाकिटात पुढे ठेव, संग्रहालयात त्यावर सवलत मिळते. सरकारी आरोग्य विमा घेतलास तर त्याच्या कार्डाची मागची बाजू बघ. तेच युरोपचं आरोग्य कार्ड असतं, शेजारच्या देशात पाय मुरगळला तर तेच दाखवायचं. मला हे दीड वर्षाने कळलं. ११२ हा आपत्कालीन नंबर सगळ्या युरोपीय संघात चालतो.

पैशांचं काय, तर ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेलं खातं) महिन्याला ९९२ युरो सुटतात आणि खोलीचं भाडं त्यातला मोठा घास घेतं. त्यामुळे महिन्यात एक मुक्कामाची सहल आणि बाकी सकाळी जाऊन रात्री परत, एवढंच खिशाला झेपतं. कार्ड सगळीकडे चालेल या भरवशावर राहू नकोस, वीस-तीस युरो रोख ठेव आणि नाण्यांची वेगळी पुरचुंडी कर. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला बऱ्याच ठिकाणी एक युरो पडतो आणि दारातल्या यंत्राला तुझी अडचण कळत नाही. रिकामी प्लास्टिकची बाटली फेकायची नाही, दुकानातल्या यंत्रात टाकली की २५ सेंट परत मिळतात.

हॉस्टेलवर राहणार असशील तर एक कुलूप लागतं. कपाट ते देतात, कुलूप आपलं. मेन रोडवरून मध्यम आकाराचं एक घेऊन जा, तिथे त्याच कामाला नऊ-दहा युरो मोजायला जिवावर येतं. टॉवेलही आपला, पंचा असेल तर उत्तम, रात्रीत वाळतो. चार्जरची बारीक गोल दोन पिनांची पिन तिथल्या सॉकेटमध्ये बहुतेक बसते, जाड तीन पिनांची बसत नाही.

कपड्यांबद्दल मामीशी वाद घालू नकोस, पण मनातून माझं ऐक. निफाडचा पारा पाच अंशांखाली गेलेला आपण पाहिलाय, तेव्हा थंडीचं काय एवढं, असं मलाही वाटायचं. आपली थंडी कोरडी, ऊन आलं की पळते. तिथली ओली असते, वाऱ्यासकट येते आणि दुपारीही हलत नाही. शिवाय गाडीत आणि दुकानात हीटर, त्यामुळे एकच जाडजूड जॅकेट घातलंस तर आत घामाघूम आणि बाहेर गारठा. पातळ तीन थर घाल, वरचा पाणी न शिरणारा. बूट आधी आठवडाभर गावात वापरून मगच सहलीला ने, जुन्या भागातले रस्ते दगडी असतात. कोलोनच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्याला ५३३ पायऱ्या आहेत, गोल गोल अरुंद. वणीचा गड चढलेल्याला त्याची भीती नको, पण गडावर आता फ्युनिक्युलर आहे, तिथे नाही. हे कॅथेड्रल १२४८ मध्ये बांधायला घेतलं आणि १८८० मध्ये पुरं झालं, तेव्हा तूही घाई करू नकोस. एका दिवसात एक गाव आणि त्या गावात दोन गोष्टी, बस. डिसेंबरात साडेचारला दिवस मावळतो, म्हणून उघड्यावरचं सकाळी बघायचं आणि छपराखालचं नंतर.

खाण्याचं सांगते. रविवारी जर्मनीत दुकानं बंद. कडी-कुलूप बंद. स्टेशनातली दुकानं, पेट्रोल पंप आणि सकाळी काही तास बेकरी, एवढंच उघडं. म्हणून शनिवारी संध्याकाळीच केळी, ब्रेड, दही घेऊन ठेवायचं. नळाचं पाणी पिता येतं, स्टीलची बाटली भरून घे. हॉटेलात पाण्यालाही पैसे पडतात. मामी पेढे आणि तूप भरायच्या बेतात आहे, तिला आत्ताच थांबव. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला आत नेता येत नाहीत. चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी मात्र भरपूर ने. मी सहलीला निघताना रात्री तव्यावर गुळाच्या दशम्या करायचे, फॉइलमध्ये गुंडाळून जॅकेटच्या आतल्या खिशात. कोलोनला स्टेशनच्या दारातच ते काळं कॅथेड्रल अंगावर येतं. पहिल्यांदा गेले तेव्हा त्याच्या पायऱ्यांवर बसून फॉइल उघडलं, बोटं इतकी गारठलेली की दशमीचा तुकडा मोडेना, तशीच अख्खी दातांनी तोडली. अंगाच्या उबेने गूळ किंचित पाघळला होता. चिवडा स्टीलच्या छोट्या डब्यात ने, पिशवीत त्याचा भुगा होतो.

आता माझ्या फजितीचं. आजोबांचं चावीचं एचएमटी घड्याळ मी हट्टाने नेलं होतं. मार्चअखेरीला आम्ही चौघी ट्रियरला गेलो. तिथला पोर्टा निग्रा हा रोमन दरवाजा इसवी सन १७० च्या सुमाराचा. आपल्या पांडवलेण्यांतले सातवाहनांचे मोठे शिलालेख त्याच शतकातले. शनिवार त्या कौतुकातच गेला. रविवारी बाकीच्या तिघी ओळखीच्यांकडून परस्पर स्टेशनवर येणार होत्या, नऊची गाडी. माझा मोबाइल रात्रीच मेलेला, आणि चार्जर त्यांच्या बॅगेत. मी मनगटावर पावणेनऊ बघत ऐटीत फलाटावर पोचले, तर वरच्या घड्याळात पावणेदहा. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे तिथे घड्याळ एक तास पुढे करतात. मोबाइल आपोआप बदलतो, आजोबांचं एचएमटी बदलत नाही. मैत्रिणी वाट बघून, फोन लावून लावून, मी आधीच गेले असेन असं समजून निघून गेल्या होत्या. पुढच्या गाडीपर्यंत बाकावर बसून मी त्या घड्याळाला चावी देत राहिले. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी उलटं होतं, एक तास जास्तीचा झोपायला मिळतो. दोन्ही रविवार कॅलेंडरवर आत्ताच खुणा करून ठेव. आणि पॉवर बँक, चार्जर, गाड्यांच्या वेळा कागदावर, तिन्ही स्वतःच्या खांद्याला.

घरच्या फोनचंही त्याच घड्याळाशी नातं आहे. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. हिवाळ्यात तू रात्री आठला खोलीवर पोचलो म्हणून फोन करशील तेव्हा इथे साडेबारा वाजलेले असतील आणि मामी देवापाशी दिवा लावून बसलेली असेल. परतीच्या गाडीत बसलास की पाचच्या सुमाराला कर, साडेनऊला ती ओटा पुसून मोकळी होते. बसल्या जागी बॅग एकदा चाचपून घे. पासपोर्ट, कार्ड, कुलूप, चार्जर. आणि चिवड्याचा डबा कुठेही विसरून येऊ नकोस, त्यावर मामीचं नाव कोरलेलं आहे आणि ती विचारणार.