मुलासाठी स्पीच थेरपिस्ट निवडताना

मूल दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर ‘उशिरा बोलणारी मुले आपल्या घराण्यात आहेतच’ या वडीलधाऱ्यांच्या दिलाशावर विसंबून थांबू नये. मात्र थेरपिस्ट शोधण्याआधी कानांची तपासणी करून घ्यावी. टाळी वाजवल्यावर मूल वळते, एवढ्यावरून त्याला सगळे ऐकू येते असे ठरत नाही; ‘स’, ‘श’सारखे बारीक ध्वनी ऐकू न येणारे मूलही टाळीला प्रतिसाद देते. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील कान-नाक-घसा विभागात दाखवून ओएई (आतल्या कानाचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद मोजणारी) किंवा बेरा (श्रवणाची नस व मेंदूपर्यंत आवाज पोहोचतो का, हे पाहणारी) यांपैकी कोणती चाचणी हवी, हे विचारावे.

थेरपिस्टची पात्रता विचारण्यात संकोच नसावा. श्रवण व वाचा या विषयांतील बीएएसएलपी ही पदवी इंटर्नशिपसह चार वर्षांची असते, आणि १९९२च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते. नोंदणी क्रमांक मागितल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे पुन्हा न गेलेलेच बरे. बालकांसोबत किती काम केले आहे, हेही विचारावे, कारण पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या प्रौढांवरील उपचार आणि तीन वर्षांच्या मुलावरील उपचार यांत बरेच अंतर आहे.

खरी पारख पहिल्या भेटीत होते. चांगली थेरपिस्ट मुलाला लगेच ‘बोल, बोल’ म्हणत नाही. ती जमिनीवर बसते, साबणाच्या पाण्याचे दोन-चार फुगे उडवते, बाटलीचे झाकण घट्ट लावून ती मुलाच्या हाती देते आणि गप्प राहते. मूल तिच्याकडे पाहते का, बाटली पुढे करते का, काही आवाज काढते का, यावरून शब्दांच्या आधीचा संवाद कुठवर आला आहे हे तिला कळते. गर्भारपण, प्रसूती, कानाचे संसर्ग आणि मोबाईलसमोर जाणारा वेळ यांचीही ती चौकशी करते.

गोव्यात भाषेचा प्रश्न हमखास निघतो. घरी कोंकणी, आजीशी मराठी, बालवाडीत इंग्रजी आणि कार्टून हिंदीत, अशा वातावरणामुळे मूल गोंधळले, असे सांगून घरची भाषा बंद करायला लावणारा सल्ला स्वीकारू नये. अनेक भाषा कानावर पडल्याने वाचादोष उद्भवत नाही. उलट मुलाचा शब्दसंग्रह मोजताना सर्व भाषांतले शब्द धरावे लागतात, आणि ज्या भाषेत आई-वडील सहज बोलतात त्याच भाषेत घरचा सराव टिकतो.

तो सराव कसा करायचा, हे थेरपिस्टने पालकांना सत्रात बसवून दाखवले पाहिजे. आठवड्यातून एकदोनदा बंद दाराआड होणाऱ्या पाऊण तासाने फारसे साधत नाही. पेज भरवताना, न्हाऊ घालताना, चप्पल घालताना पालक जे बोलतील त्याचा उपयोग अधिक. सुरुवातीलाच दोन-तीन स्पष्ट उद्दिष्टे लिहून घ्यावीत, उदाहरणार्थ ‘हवी ती वस्तू बोटाने दाखवून मागणे’, आणि दोन-तीन महिन्यांनी त्यांचा आढावा मागावा. महिन्याभरात बोलते करण्याची हमी देणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नयेत.