लेबर रूममध्ये पीपीएचचा सराव घेण्याआधी

प्रसूतीनंतर जास्त रक्तस्राव झाला, म्हणजे पीपीएच झाला, तर काय करायचं हे लेबर रूममधल्या कुठल्याही सिस्टरला विचारा, उत्तर तोंडपाठ असतं. भिंतीवर तक्ता असतो, प्रशिक्षणात स्लाइड्स पाहून झालेल्या असतात. तरी रात्री दोन वाजता रक्त थांबेनासं झालं की घोडं वेगळ्याच ठिकाणी अडतं: फ्रिजची किल्ली कोणाकडे, डॉक्टरांना फोन कोणी करायचा, दुसरी व्हेनफ्लॉन (शिरेत सलाइनसाठी लावायची नळी) लावली जाईपर्यंत गर्भाशयाचा मसाज कोणी चालू ठेवायचा. या गोष्टी व्याख्यानात कळत नाहीत. आपल्याच खोलीत, आपल्याच माणसांना घेऊन, घड्याळ लावून प्रसंग उभा केला की कळतात. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात असा सराव पहिल्यांदाच घेणार असाल, तर त्याची ही तयारी.

सगळ्यात आधी जागा. सभागृह नको, लेबर रूमच हवी. त्याच टेबलावर, त्याच दिव्याखाली, त्याच ट्रॉलीसह. सराव नेहमीच्या जागी घेतला की खोलीचीही परीक्षा होते, आणि बहुतेकदा माणसं पास होतात, खोली नापास होते. ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आकुंचन पावून रक्त थांबावं म्हणून द्यायचं औषध, २ ते ८ अंशांत ठेवायचं म्हणून फ्रिजमध्ये असतं, पण फ्रिज कॉरिडॉरच्या पलीकडे स्टोअरमध्ये असेल तर जाऊन-येऊन किती वेळ लागतो हे चालून पाहिल्याशिवाय समजत नाही. सरावासाठीचा महागडा पुतळा, म्हणजे डमी, नसली तरी काही बिघडत नाही. डमी मिळालीच, तर ती मोडेल या भीतीने कपाटात प्लास्टिकसकट जपली जाते, असंही दिसतं. पीपीएचसाठी मला तरी डमीपेक्षा जिवंत माणूस बरा वाटतो. एखादी सिस्टर बाळंतीण होऊन टेबलावर झोपते, ‘मला गरगरतंय’ म्हणते, ‘माझं बाळ कुठंय’ विचारते. मग तिच्याशी कोणी बोलतंय का, की सगळे तिच्या अंगावरून एकमेकांना ओरडतायत, हेही दिसतं. मात्र तिला सुई टोचायची नाही. मनगटावर सलाइनची नळी चिकटपट्टीने लावून ठेवा.

आता रक्त. इथे वेळ घालवा, कारण सरावातला सगळ्यात मोठा धडा इथेच आहे. कॉर्नफ्लोअरची पातळ पेज करून तिच्यात खायचा लाल रंग आणि किंचित कोको पावडर घाला. सरबताचा अर्क वापरू नका, टेबल चिकट होतं आणि दुसऱ्या दिवशी मुंग्या लागतात. हे रक्त मापाच्या भांड्याने मोजून घ्या: एका पॅडवर १०० मिली, एका चादरीवर ५००, खाली बादलीत थोडं, जमिनीवर थोडं. सराव सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला अंदाज कागदावर लिहायला सांगा. नजरेचे अंदाज बहुतेक वेळा कमी येतात, आणि जितकं रक्त जास्त तितकी चूक मोठी. चादरीत मुरलेलं, बादलीत पाण्याशी मिसळलेलं रक्त डोळ्याला दिसतच नाही. योनिमार्गे प्रसूतीनंतर ५०० मिलीच्या पुढे गेलं की पीपीएच, हे सगळ्यांना पाठ असतं. ५०० मिली दिसतं कसं, हे फार थोड्यांना माहीत असतं. शक्य असेल तर खुणा केलेला, रक्त गोळा करणारा ड्रेप (बाळंतिणीच्या खाली अंथरायचा प्लास्टिकचा कागद) आणा. नसेल तर वजनकाटा ठेवा: कोरड्या पॅडचं वजन वजा करायचं, एक ग्रॅमला साधारण एक मिली धरायचं.

हे मोजणं किती मोलाचं आहे याचा पुरावा आहे. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत झालेल्या ई-मोटिव्ह या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. खुणांचा ड्रेप, सगळे प्राथमिक उपचार एकदमच सुरू करणं आणि कामाच्या जागीच सरावातून दिलेलं प्रशिक्षण, असा तो संच होता. नेहमीच्या पद्धतीत पीपीएच निम्म्याच वेळा ओळखला जात होता, हा संच वापरणाऱ्या रुग्णालयांत ९३ टक्के वेळा. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, यांतलं काहीतरी होण्याचं प्रमाण तिथे १.६ टक्के राहिलं. नेहमीच्या पद्धतीत ते ४.३ होतं. श्रेय एकट्या सरावाला देता येणार नाही, पण सराव वगळला तर ड्रेप नुसता प्लास्टिकचा कागद उरतो, असं माझं मत आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयातलं उदाहरण जास्त थेट आहे. बाळाचा खांदा अडकल्यावर काय करायचं याचा सराव तिथे सगळ्या कर्मचाऱ्यांना सक्तीचा केला, आणि अशा प्रसूतींत बाळाला इजा होण्याचं प्रमाण ९.३ वरून २.३ टक्क्यांवर आलं.

औषधांबाबत डोळ्यात तेल घालून तयारी करा. सरावासाठी रिकाम्या अँप्युलमध्ये पाणी भरलं, की ती खऱ्या ट्रेमध्ये राहून जाण्याचा धोका असतो. म्हणून प्रत्येक नकली अँप्युल आणि बाटलीवर लाल अक्षरांत ‘सराव’ लिहा, आत नेताना मोजा, बाहेर आणताना पुन्हा मोजा. आकडा जुळेपर्यंत कोणी घरी जायचं नाही. खरा इमर्जन्सी ट्रे सरावात उघडायचा असेल तर संपल्यावर तो कोण भरून, सील करून ठेवणार, त्याचं नाव आधीच ठरवा.

माणसांमध्ये मावशींना आणि वॉर्डबॉयला विसरू नका. रक्ताचा नमुना घेऊन धावणारे, स्ट्रेचर आणणारे तेच असतात, आणि प्रशिक्षणाच्या यादीत बहुधा तेच नसतात. बाहेरच्या नातेवाइकांना आणि शेजारच्या वॉर्डला आधी सांगून ठेवा, नाहीतर आरडाओरडा ऐकून पळापळ होईल. १०८ ला खरा फोन लावायचा नाही. तो फोन घेणारा माणूस शेजारच्या खोलीत बसवा. रक्तपेढीला मात्र पूर्वकल्पना देऊन खरा फोन करा, पलीकडून कोणी उचलतं का तेवढं कळू द्या. खरी पेशंट आली तर ‘सराव बंद’ एवढं कोणीही म्हणावं आणि सगळ्यांनी हातातलं सोडावं.

घड्याळ घेऊन एकाने कोपऱ्यात उभं राहायचं. ही व्यक्ती इन्चार्ज सिस्टर नको, तिच्यासमोर बाकीच्यांचे हात थरथरतात. घड्याळ घेतलेल्या व्यक्तीने फक्त वेळा लिहायच्या: मदतीची हाक, मसाज, ऑक्सिटोसिन, पहिलं बीपी, दुसरी लाइन, लघवीची नळी, रक्तपेढीचा फोन, ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध). शेवटच्याकडे विशेष लक्ष. प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत, एक ग्रॅम, शिरेतून दहा मिनिटांत सावकाश द्यायचं, हे माहीत असूनही ते ‘नंतर बघू’ म्हणून मागे पडतं. बाकी डोस आपल्या रुग्णालयाच्या प्रोटोकॉलप्रमाणे. आणखी एक गोष्ट टिपायची: ‘अगं, कोणीतरी ऑक्सिटोसिन दे’ असं म्हटलं गेलं, की नाव घेऊन सांगितलं आणि ‘दहा युनिट दिलं’ असं उलट उत्तर आलं. ‘कोणीतरी’ म्हटलं की एकतर कोणीच देत नाही, नाहीतर दोघी देतात.

सराव दहा मिनिटांचा असेल तर नंतरच्या बोलण्याला वीस मिनिटं राखून ठेवा. चहा त्याच खोलीशेजारी मागवा, माणसं पांगली की बोलणं संपलं. आधी सगळ्यांना मोकळं होऊ द्या, मग वेळांचा कागद समोर ठेवा. पहिला प्रश्न मावशींना विचारा. एमओ, म्हणजे वैद्यकीय अधिकारी, आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात. ‘तू उशीर केलास’ हे वाक्य येऊ देऊ नका, ‘चार मिनिटं कशात गेली?’ असं विचारा. उत्तर बहुतेक वेळा कपाट, किल्ली, अंतर किंवा एकच काम दोघींकडे जाणं, यांपैकी असतं. कागदावर कोणाचं नाव नको, तो गोपनीय अहवालात जाणार नाही हे वैद्यकीय अधीक्षकांकडून सगळ्यांसमोर वदवून घ्या. तपासणी जवळ आली म्हणून फोटोपुरता सराव घेणार असाल, तर या वीस मिनिटांना काही अर्थ उरत नाही आणि मग रक्ताची पेज तरी कशाला शिजवायची.

बोलण्यातून निघालेल्या दुरुस्त्या तीनच निवडा. प्रत्येकीपुढे एक माणूस आणि एक तारीख लिहा. फ्रिज हलवायला मंजुरी लागेल, पण किल्ली खिळ्याला टांगायला लागत नाही. ते त्याच दिवशी करा. पुढचा सराव महिन्याभरात, आणि तो रात्रपाळीत ठेवा, कारण सकाळी अकरा वाजता हाताशी असलेली अर्धी माणसं रात्री नसतात. त्या वेळी प्रसंग बदलून एक्लॅम्पसियाचा, म्हणजे गरोदरपणातल्या वाढलेल्या बीपीमुळे येणारा, झटका घेतला तरी चालेल. त्यावरचं औषध, मॅग्नेशियम सल्फेट, पातळ करायला लागणारा वेळही एकदा मोजून होईल.