वजन उतरवताना स्नायू कसे वाढवावेत: प्रोटीनचा हिशोब आणि जेवणाची आखणी

वजन उतरवायचं ठरवलं की बहुतेक जण जेवण निम्म्यावर आणतात, चालणं वाढवतात आणि रोज सकाळी काट्यावर उभे राहतात. काटा खालीही येतो. पण उतरलेल्या पाच किलोंत चरबी किती आणि स्नायू किती, हे काट्यावर दिसत नाही. व्यायामाची जोड न देता नुसतं कमी खाल्लं, तर उतरलेल्या वजनाचा साधारण पाव हिस्सा चरबीखेरीज इतर भागांतून जातो आणि त्यात स्नायूंचा वाटा मोठा असतो. माणूस बारीक दिसतो, पण जिना चढताना आणि जड पिशवी उचलताना ताकद कमी पडते.

वजन किती उतरणार हे कॅलरींच्या तुटीवर, म्हणजे शरीराच्या खर्चापेक्षा तुम्ही किती कमी खाता यावर ठरतं. ते कशातून उतरणार हे मात्र तुम्ही प्रोटीन किती खाता आणि वजनं उचलता का, यावर ठरतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे फार स्पष्ट दिसलं. जास्त वजनाच्या ४० तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी कॅलरी दिल्या आणि त्यांच्याकडून आठवड्यातले सहा दिवस कसून व्यायाम करून घेतला. एका गटाला शरीराच्या दर किलो वजनामागे १.२ ग्रॅम प्रोटीन मिळालं, दुसऱ्याला २.४ ग्रॅम. पहिल्या गटाची चरबी ३.५ किलोने घटली आणि स्नायू जेमतेम टिकले. दुसऱ्या गटाची चरबी ४.८ किलोने घटली आणि चरबीविरहित वजन १.२ किलोने वाढलं. दोन्ही गटांच्या कॅलरी आणि व्यायाम सारखेच होते.

एवढी कडक तूट आणि एवढा व्यायाम तुम्ही करू नका, तो देखरेखीखालचा प्रयोग होता. पण दिशा तीच ठेवायची. व्यायामाला नव्याने सुरुवात करणाऱ्यांना, मोठ्या खंडानंतर परतणाऱ्यांना आणि अंगावर बरीच चरबी असलेल्यांना चरबी घटवणं आणि स्नायू वाढवणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधतात. वर्षानुवर्षं व्यायाम करणाऱ्या, आधीच सडपातळ माणसाला ते जड जातं. अशांनी चरबी घटवताना आहेत ते स्नायू राखले तरी पुष्कळ झालं.

पायरी १: आधी मोजून ठेवा

आठवडाभर रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्याआधी वजन करा. सातही आकड्यांची सरासरी काढा, ते तुमचं सुरुवातीचं वजन. एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका, कारण आदल्या रात्रीचं खारट जेवण किंवा मासिक पाळी यामुळे किलोभर फरक सहज पडतो. बेंबीच्या रेषेत कंबर मोजा. समोरून आणि बाजूने एकेक फोटो काढा. पुढे काटा अडकून बसला की याच नोंदी कामाला येतात.

पायरी २: कॅलरींची तूट, पण बेताची

दिवसभरात शरीर किती कॅलरी खर्च करतं याचा अंदाज १९९० सालच्या मिफ्लिन–सेंट जिओर सूत्रावरून काढता येतो. किलोतलं वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. पुरुषांनी त्यात ५ मिळवायचे, स्त्रियांनी १६१ वजा करायचे.

समजा, एका बाईंचं वजन ७५ किलो, उंची १६० सेंटिमीटर आणि वय ३५ आहे. ७५० अधिक १००० वजा १७५ वजा १६१, म्हणजे १४१४ कॅलरी. हा झाला नुसत्या पडून राहण्याचा खर्च. काम बैठं आणि आठवड्यातून दोन-तीनदा व्यायाम असेल तर त्याला साधारण १.४ ने गुणायचं, म्हणजे जवळपास १९८०. त्यातून २० टक्के कमी केले की उरतात १५८० च्या आसपास.

सूत्राचा आकडा हा अंदाज आहे. प्रत्यक्ष खर्च त्याहून शे-दोनशे कॅलरींनी इकडेतिकडे असू शकतो. पुढच्या आठवड्यांत काटा काय म्हणतो ते पाहून तो सुधारायचा. तूट जितकी मोठी, तितका स्नायूंवर ताण जास्त. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का घट, हा वेग मला योग्य वाटतो. झटपट निकालाचा मोह होतोच, पण स्नायू वाढवायचे असतील तर उपाशी राहून ते जमत नाही.

पायरी ३: प्रोटीनचा आकडा ठरवा

दर किलोमागे ०.८ ग्रॅम ही शिफारस तुम्ही वाचली असेल. निरोगी प्रौढ माणसाची कमतरता टळावी एवढाच तिचा हेतू आहे. वजनं उचलणाऱ्यांवरच्या ४९ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१८ साली प्रसिद्ध झालं. त्यात दर किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅमपर्यंत स्नायूंना फायदा होताना दिसला, त्यापुढे सरासरी फायदा थांबला. कॅलरी कमी असताना मात्र थोडं वरच राहावं. १.६ ते २.२ ग्रॅम ही सोयीची पट्टी आहे.

वजन बरंच जास्त असेल तर सध्याच्या वजनावर हिशोब करू नका, आकडा उगाच फुगतो. उंचीला साजेसं वजन धरा. वरच्या उदाहरणातल्या बाईंसाठी ते ६४ किलोच्या आसपास येतं. १.७ ने गुणलं की सुमारे ११० ग्रॅम.

इथे एक गोष्ट गांभीर्याने घ्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवायचं नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवण बदलताच डोस बदलावा लागू शकतो, म्हणून डॉक्टरांना आधी सांगा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी वजन उतरवण्याचा आहार स्वतःच्या मनाने सुरूच करू नये. मूत्रपिंडं निरोगी असलेल्यांना वरच्या पट्टीतल्या प्रोटीनचा धोका अभ्यासांत दिसलेला नाही.

पायरी ४: ताटात प्रोटीन आधी वाढा

बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. आकडा ठरतो, पण जेवण जुन्याच सवयीने वाढलं जातं आणि प्रोटीन शेवटी उरल्या जागेत बसवलं जातं. रात्री नऊ वाजता हिशोब केला की ५० ग्रॅम कमी पडलेले असतात. क्रम उलटा करा. प्रत्येक जेवणात आधी प्रोटीनचा पदार्थ ठरवा, मग बाकीचं.

साधारण आकडे लक्षात ठेवा. एका अंड्यात ६ ग्रॅम. शिजवलेल्या १०० ग्रॅम चिकनच्या छातीच्या तुकड्यात ३१, शिजवलेल्या माशात २० ते २५. दुधात १०० मिलिलिटरला ३.३. पाणी निथळलेल्या घट्ट दह्यात १०० ग्रॅमला ९-१०, साध्या दह्यात त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. शिजवलेल्या मसुरात १०० ग्रॅमला ९ आणि कोरड्या सोया वड्यांत ५० च्या आसपास.

कच्चं की शिजवलेलं, हे पाहायला विसरू नका. कोरड्या मसुरात १०० ग्रॅमला २४ ग्रॅम प्रोटीन असतं, पण शिजताना ते पाणी पिऊन अडीच-तीन पट होतात. कच्च्याचा आकडा शिजलेल्या वाटीला लावला की कागदावर प्रोटीन पुरं होतं आणि पोटात तिसरा हिस्साच जातो.

आता त्या ११० ग्रॅमचा एक दिवस मांडून पाहू. न्याहारीला तीन अंडी आणि २०० मिलिलिटर दूध, म्हणजे २५ ग्रॅम. दुपारी शिजवलेलं १०० ग्रॅम चिकन, ३१. संध्याकाळी कमी चरबीचं घट्ट दही २०० ग्रॅम, १९. रात्री शिजवलेले मसूर २०० ग्रॅम, १८. बेरीज ९३ ग्रॅम आणि कॅलरी सुमारे ९००. उरलेल्या ७०० कॅलरींत धान्य, भाज्या, फळं आणि तेल बसतं, आणि धान्य-भाज्यांतून राहिलेले १५-१७ ग्रॅमही मिळून जातात. मांसाहार नसेल तर दुपारच्या चिकनच्या जागी ६० ग्रॅम कोरड्या सोया वड्या भिजवून घ्या, हिशोब जवळपास तेवढाच राहतो.

शाकाहारी माणसांनी दोन गोष्टी पाळाव्यात: कडधान्य आणि धान्य दोन्ही दिवसभरात खावं, कारण एकात जी अमिनो आम्लं (प्रोटीनचे घटक) कमी असतात ती दुसऱ्यात मिळतात, आणि सोया किंवा दुधाचे पदार्थ रोज ठेवावेत. शेंगदाणे आणि बदाम यांना प्रोटीनचा मुख्य आधार मानू नका. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत २५ ग्रॅम प्रोटीन असतं खरं, पण सोबत ५६७ कॅलरी येतात. पदार्थ चांगला आहे, पण मूठभरच.

पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘प्रोटीन’ छापलेलं असलं तरी पाकीट उलटं करून मागचा तक्ता वाचा. प्रोटीनच्या ग्रॅमना १० ने गुणा. उत्तर कॅलरींच्या आकड्याहून जास्त आलं तर वस्तू प्रोटीनची. समजा, बिस्किटांच्या १०० ग्रॅममध्ये १० ग्रॅम प्रोटीन आणि ४५० कॅलरी आहेत. १०० आणि ४५०, म्हणजे ती गोड बिस्किटंच आहेत. अंडी आणि मसूर या कसोटीत थोडे मागे पडतात, पण त्यांच्यासोबत इतर पोषण येतं. ही कसोटी पाकीटबंद मालासाठीच वापरा.

दिवसाचं प्रोटीन तीन-चार जेवणांत वाटलेलं बरं, दर वेळी २५ ते ३५ ग्रॅम. त्याने पोट भरलेलं राहतं. व्यायामानंतर अर्ध्या तासात पावडर प्यायलीच पाहिजे, ही भीती मनातून काढून टाका. दिवसाची बेरीज महत्त्वाची. व्हे पावडर म्हणजे दुधातलंच प्रोटीन. जेवणातून आकडा गाठला जात नसेल तर सोय म्हणून घ्या, नाहीतर गरज नाही.

पायरी ५: उरलेलं ताट

पिष्टमय पदार्थ बंद करू नका, व्यायामाला ताकद त्यांतूनच मिळते. भाज्या, फळं आणि कडधान्यं मिळून दिवसाला २५-३० ग्रॅम तंतू पोटात जाऊ द्या. प्रोटीन वाढवून भाज्या कमी केल्या की बद्धकोष्ठ ठरलेला. तेल मोजून घाला. एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात आणि अंदाजाने ओतलेली धार सहज दोन चमच्यांची होते.

पायरी ६: वजनं उचला

प्रोटीन ही स्नायूंची विटा-वाळू आहे, पण बांधकामाचा हुकूम व्यायामाकडून येतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस संपूर्ण शरीराचा व्यायाम पुरे: बसून उठणे, जमिनीवरून वजन उचलणे, पुढे ढकलणे, स्वतःकडे ओढणे, डोक्यावर उचलणे. प्रत्येकाचे तीन सेट, एका सेटमध्ये ८ ते १२ वेळा, शेवटच्या दोन वेळा दमछाक व्हावी इतपत वजन. वहीत तारीख, वजन आणि आवर्तनं लिहा. आज १० किलोने १२ वेळा जमलं तर पुढच्या वेळी थोडं वजन वाढवा. महिनोन्‌महिने तेच डंबेल तितक्याच वेळा उचलत राहिलात तर शरीराला बदलायचं कारणच मिळत नाही. चालणं चालू ठेवा, पण वजनांच्या बदल्यात नको.

झोपेत कसर करू नका. शिकागो विद्यापीठाच्या २०१० सालच्या एका छोट्या अभ्यासात तेवढाच आहार घेणाऱ्या माणसांना साडेआठ तासांऐवजी साडेपाच तास झोपू दिलं. वजन जवळपास सारखंच उतरलं, पण त्यातला चरबीचा वाटा निम्म्याहून जास्त घटला.

पायरी ७: दर दोन आठवड्यांनी आकडे वाचा

पहिल्या आठवड्यात वजन भराभर उतरलं तर हुरळून जाऊ नका. स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा साठा घटतो आणि त्याच्यासोबत धरलेलं पाणीही जातं. खरा वेग तिसऱ्या आठवड्यापासून कळतो.

सरासरी वजन तसंच आहे, पण कंबर कमी होतेय आणि वहीतली वजनं वाढताहेत? काहीच बदलू नका, तुम्हाला हवं तेच घडतंय. वजन आणि कंबर दोन्ही अडकले असतील तर आधी आठवडाभर सगळं तोलून लिहा, चाखलेलं आणि प्यायलेलंसुद्धा. तरीही फरक नसेल तर धान्य किंवा तेलातून रोजच्या १००-१५० कॅलरी कमी करा, प्रोटीनला हात लावू नका. उलट वजन आठवड्याला एक टक्क्याहून वेगाने उतरत असेल आणि उचलायची ताकद घटत असेल, तर तेवढ्याच कॅलरी वाढवा.

हा क्रम दोन-तीन महिने चालवला की दोन आठवडे तूट थांबवून खर्चाच्या बरोबरीचं खा. ठरवलेलं वजन गाठल्यावरही एकदम सुटायचं नाही. दर आठवड्याला रोजच्या कॅलरीत शंभरेक वाढवत जा, वजन स्थिरावलं की थांबा. प्रोटीन आणि वजनांचा व्यायाम तेव्हाही चालूच ठेवायचा.