डेथ व्हॅली की जोशुआ ट्री: निघण्याआधीची तयारी

डिसेंबरात आई-बाबा भारतातून आलेले असतात, योसेमिटीचे वरचे रस्ते बर्फाने बंद असतात आणि कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत विषय निघतो, "यंदा वाळवंट बघू या का?" मग सगळे डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री या दोन वाळवंटी राष्ट्रीय उद्यानांचे फोटो बघत बसतात. फोटोंवरून काहीच ठरत नाही, दोन्हीकडचे देखणेच असतात. आधी तीन गोष्टी ठरवा: मुक्कामाच्या रात्री किती, महिना कोणता आणि गाडीत कोण कोण बसणार.

रात्रींचा हिशोब सरळ आहे. लॉस एंजेलिसहून जोशुआ ट्री अडीच-तीन तासांवर. शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री घरी येता येतं. डेथ व्हॅलीला चार-पाच तास लागतात, आणि पोहोचल्यावरही गाडी चालवणं संपत नाही. जोशुआ ट्री साधारण 8 लाख एकरांचं, तर डेथ व्हॅली 34 लाखांची. स्टोव्हपाइप वेल्सच्या वाळूच्या टेकड्यांपासून बॅडवॉटरच्या मिठाच्या मैदानापर्यंतच चाळीसेक मैल होतात. हातात तीन रात्री नसतील तर तिचं नाव काढू नका. बे एरियावाल्यांनी लास वेगासला उडून तिथून गाडी भाड्याने घ्यावी. डेथ व्हॅलीतलं मुख्य ठिकाण, फर्नेस क्रीक, दोन तासांवर राहतं.

महिन्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. नोव्हेंबर ते मार्च, बास. उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत 120 फॅरनहाइट, म्हणजे जवळपास 49 सेल्सियस, ही रोजची गोष्ट असते. 10 जुलै 1913 ला फर्नेस क्रीकला 134 फॅरनहाइटची नोंद झाली, आणि जगातला विक्रम म्हणून तीच सांगितली जाते. त्या आकड्यासोबत सेल्फी काढायला जुलैत जाणारे आहेत. आपण आई-बाबांना घेऊन जातोय.

आता गाडीत कोण, हा खरा प्रश्न. नावाला घाबरून लोक ज्येष्ठांना जोशुआ ट्रीला नेतात. माझं मत उलटं आहे: गुडघे दुखणाऱ्यांसाठी डेथ व्हॅली, दहा वर्षांच्या माकडांसाठी जोशुआ ट्री. डेथ व्हॅलीचं मोठेपण गाडीतून दिसतं. दांतेज व्ह्यूला गाडी थेट वर जाते आणि पार्किंगच्या कठड्याशीच साडेपाच हजार फूट खाली मिठाचं पांढरं मैदान पसरलेलं असतं. आर्टिस्ट्स ड्राइव्हवर नऊ मैल गाडीत बसून हिरवे-गुलाबी डोंगर बघायचे. झब्रिस्की पॉइंटला तेवढा थोडा चढ आहे, पण रस्ता पक्का आहे. बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या 282 फूट खाली, उत्तर अमेरिकेतली सगळ्यात खोल जागा. तिथे उतरल्यावर मागे वळून कड्याकडे बघायला सांगा. खूप वर 'सी लेव्हल' अशी पाटी दिसते. ती शोधायला बाबांना पाच मिनिटं लागतात आणि सापडल्यावर ते पुढची पाच मिनिटं गप्प असतात. पार्किंगजवळचं मीठ पायांनी तुडवून मळकट झालेलं असतं. षटकोनी चिरांचं स्वच्छ मीठ हवं तर अर्धा-एक मैल सपाट चालावं लागतं.

जोशुआ ट्रीत मजा आहे ती दगडांवर चढण्यात. हिडन व्हॅलीची एक मैलाची फेरी, बार्कर डॅम, रस्त्याच्या कडेलाच असलेला स्कल रॉक. मुलं दिवसभर वर-खाली करतात, मोठ्यांना खाली उभं राहून "हळू!" ओरडायचं काम. कीज व्ह्यूवरून मात्र सगळ्यांनाच सॉल्टन सी हे तळं आणि सॅन अँड्रियास भ्रंशाची, म्हणजे जमिनीतल्या मोठ्या भेगेची, रेघ दिसते. ज्या झाडावरून नाव पडलं तो युक्का या टोकदार पानांच्या वनस्पतीचाच एक प्रकार आहे. त्याचं परागीभवन एका विशिष्ट पतंगाशिवाय होत नाही, हे मुलांना तिथे उभं राहून सांगा, घरी सांगितलेलं ऐकत नाहीत. चोया कॅक्टसची बाग बघायची तर कंगवा न्या. ते मऊ, केसाळ दिसणारं निवडुंग नुसता स्पर्श झाला तरी कपड्याला अख्खा गोळा चिकटवतं. बोटांनी काढू गेलात तर तो बोटांत रुततो. कंगव्याचे दात गोळ्याखाली घालायचे, अंगापासून दूर एक झटका द्यायचा आणि उरलेले काटे चिमट्याने काढायचे. सँडल घालून तिथे जाऊच नये.

ठरलं की लगेच मुक्काम बघा. डेथ व्हॅलीत आत हॉटेलं आहेत, पण नाताळात दर ऐकून बाबा रुपयांत गुणाकार करायला लागतात. त्यांना आकडा सांगू नका, किंवा नेव्हाडातल्या पहरम्पला राहा. तिथून फर्नेस क्रीक तासाभरावर आहे आणि मोठी किराणा दुकानंही आहेत. जोशुआ ट्रीत आत हॉटेल नाही, पेट्रोल नाही, चहाची टपरीसुद्धा नाही. युक्का व्हॅली किंवा ट्वेंटीनाइन पाम्सला उतरा, टाकी भरा आणि पश्चिमेच्या गेटवर सकाळी आठच्या आत पोहोचा. सुट्टीत नंतर तिथे लांब रांग लागते. प्रवेश दोन्हीकडे गाडीमागे 30 डॉलर, सात दिवस चालतो. पैसे भरायला कार्ड जवळ ठेवा.

पाणी माणशी रोज एक गॅलन, आणि ते डिकीत नव्हे, हाताशी. आईने आणलेली इलेक्ट्रॉलची पाकिटं शेवटी इथे कामी येतात. हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, कोणाच्या नाकातून रक्तही येतं. खोबरेल तेलाची छोटी बाटली सगळ्यांना पुरते. जेवणाला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. दशमी दोन दिवस टिकते आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवूनही खाता येते. सँडविचचं सामान नेलंत तर बर्फ विकत घेत फिरावं लागेल.

कपड्यांत टोपी आणि जाड जॅकेट, दोन्ही. दांतेज व्ह्यूला बॅडवॉटरपेक्षा वीस-पंचवीस फॅरनहाइट कमी असतं, वर वारा. जोशुआ ट्रीत डिसेंबरच्या रात्री पाणी गोठतं. तरी रात्री बाहेर पडायचंच, कारण दोन्ही पार्क अंधाऱ्या आकाशासाठी नावाजलेली आहेत. अमावास्येच्या आसपासची तारीख धरा, लाल उजेडाचा टॉर्च घ्या. पूर्वेला मृग उगवला की बाबा व्याध आणि कृत्तिका दाखवायला लागतील, त्यांना दाखवू द्या.

गाडीच्या बाबतीत एकच हट्ट धरा: नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा, पण कच्च्या रस्त्याचा शॉर्टकट फोनने सुचवला तर ऐकू नका. डेथ व्हॅलीत असे शॉर्टकट जिवावर बेतलेले आहेत. आपोआप सरकल्यासारख्या दिसणाऱ्या दगडांचं रेसट्रॅक हे कोरडं तळं बघायचा मोह सगळ्यांना होतो. त्याला सत्तावीस मैलांचा असा रस्ता आहे की धारदार खडीवर टायर फाटतात, आणि भाड्याच्या गाडीच्या करारात कच्चा रस्ता बहुधा बसतच नाही. सोडून द्या.

निघण्याच्या आदल्या रात्री पार्कच्या संकेतस्थळावर बंद रस्त्यांची यादी वाचा. ही औपचारिकता नाही. 20 ऑगस्ट 2023 ला हिलरी वादळाने डेथ व्हॅलीत वर्षभराचा पाऊस एका दिवसात पाडला आणि पार्क जवळपास दोन महिने बंद राहिलं. स्कॉटीज कॅसल हा तिथला जुना वाडा तर 2015 च्या पुरानंतर कित्येक वर्षं बंद राहिला. मग कोणत्या दिवशी कुठे असू हे मागे राहणाऱ्या कोणाला तरी लिहून पाठवा. तिथे सिग्नल नसतो, तेव्हा रात्री फोन आला नाही तर घाबरू नका, हेही त्यातच लिहा. नाहीतर मावशी सकाळपर्यंत अर्ध्या पुण्याला कळवून मोकळी होईल.