सहा जण, तीन बाटल्या आणि भडंग

शनिवारची बैठक ठरली की सोमवारीच दुकानात जाऊन या. पाटी 'वाईन शॉप'ची असली तरी वाईन मागितल्यावर पोऱ्या स्टूल घेऊन वरच्या फळीला हात घालतो. ट्यूबलाइटखाली वर्षभर उभी असलेली, धूळ बसलेली बाटली घेऊ नका. लेबलावर साल असेल तर वाचा. पांढरी आणि रोझे (म्हणजे गुलाबी वाईन) दोन-तीन वर्षांच्या आतलीच बरी. 750 मिलीत 150 मिलीचे पाच ग्लास बसतात, म्हणजे तीन बाटल्यांत माणशी अडीच. गाडी चालवणारा यात धरू नका. वाईनसाठी वय 21 लागतं, तेव्हा कॉलेजातल्या भाच्याला नुसतं भडंग.

नेहमीच्या नाशिकच्या बाटल्या सगळ्यांनी चाखल्यात. एक अकलूजची सांजोवेसे घ्या, ही रेड. द्राक्ष मूळचं इटलीतल्या टस्कनीचं, पिकतंय आपल्या सोलापूर जिल्ह्यात, उसाच्या शेजारी. दुसरी बोर्डीची चिकूची, मिळाली तर. नाही तर कुठलीही थंड रोझे. तिसरी मात्र नाशिकचीच, चेनिन ब्लाँ, म्हणजे पांढरी, आणि तीही किंचित गोडसर. का ते सांगतो.

गेल्या एप्रिलमध्ये मी तांबड्या रश्शासोबत कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, रेड उघडली होती, तीही कपाटातून थेट. पहिल्याच घोटाला मावसभाऊ म्हणाला, "हे काय औषिध हाय काय?" दोष बाटलीचा नव्हता. अल्कोहोलनं तिखटाची आग वाढते, आणि रेडमधला तुरटपणा त्यावर आणखी कडू लागतो. गोडी आणि गारवा असला की जीभ शांत होते. म्हणून तांबड्याला चेनिन. पांढऱ्या रश्शालाही तीच चालते, तिच्यातल्या आंबटपणानं नारळाच्या दुधाचा जडपणा कापला जातो. सांजोवेसे मटण सुक्क्यासाठी राखून ठेवा, फक्त त्या दिवशी घरच्यांना चटणी जरा हात आखडून घालायला सांगा. ते ऐकतील का, हा वेगळा प्रश्न.

शुक्रवारी जयसिंगपूरचं भडंग आणा. ते तळाच्या लसूण-शेंगदाण्यांसकट खालीवर करूनच वाढा, नाही तर वरच्यांना नुसते चुरमुरे मिळतात. चिकूच्या वाईनला हेच. कटवडा करणार असाल तर कट वेगळ्या वाटीत ठेवा. आधी कोरड्या वड्याचा एक घास आणि त्यावर रोझेचा घोट घ्या. मग कटात बुडवून तोच प्रयोग करा. दोन घासांतला फरक ज्याला कळला, त्याला पुढचं काही समजवावं लागत नाही. मिसळ नको. तिला चहाच हवा.

पांढरी आणि रोझे सकाळीच फ्रिजमध्ये टाका, रेड मात्र वाढण्याआधी अर्धा तास. रेड खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात, पण ती खोली कोल्हापुरातली नव्हे. 16 ते 18 अंश पुरे. बूच असेल तर ओपनर शेजाऱ्याकडून आदल्या दिवशीच मागून ठेवा. काचेचे ग्लास कमी पडले तर सरबताचे चालतील. स्टीलचा पेला नको, रंग दिसत नाही. पाण्याचा तांब्या मात्र भरलेला हवा.

उरलीच तर झाकण घट्ट लावून बाटली फ्रिजच्या दारात दुधाच्या पिशवीमागे उभी ठेवा आणि मंगळवारपर्यंत संपवा.